एका बळीचे आठ आणे

पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात कॅप्टन ग्रेग इतर सभासदांच्या तासभर आधी हजर व्हायचे. बाकीचे साहेब यायच्या आत त्यांना बाळूचे चेंडू पोटभर खेळून घ्यायचे असत. बाळू हा क्लबचा नोकर. पगार महिना चार रुपये. एवढ्यात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, फक्कीनं रेषा मारायच्या, नेट उभारायचं, लागेल तेव्हा टेनिसचं कोर्ट आखून द्यायचं. साहेबांना गोलंदाजी करणं त्यात ओघानंच आलं. ग्रेग यांनी मात्र वेगळी बोली केली होती. मला बाद केलंस तर दर खेपेला आठ आणे.

आठवड्याला दोनदा साहेब बाद झाले की महिन्याअखेरी पगाराइतकीच वरकमाई. सतरा-अठरा वर्षांच्या त्या पोरानं हा हिशोब मनात मांडला नसेल असं मला वाटत नाही. ग्रेग म्हणजे हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांतलं त्या वेळचं मोठं नाव. जॉन ग्लेनी ग्रेग या नावातून त्यांना ‘जंगली’ असं टोपणनावही पडलं होतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं, शेकडो तास चेंडू टाकायला मिळाले. पुढं पुण्यात वाद घालणारे घालायचे की ग्रेगमुळे बाळू तयार झाला, की बाळूमुळे ग्रेग.

एक गोष्ट त्या क्लबात बाळूच्या वाट्याला आली नाही. बॅट. फलंदाजी करायची साहेबांनी. घाम गाळून चेंडू टाकायचा नोकरानं. इंग्लंडातही त्या काळी साधारण हीच वाटणी होती. हौशी ‘जंटलमन’ बहुतेक फलंदाज, आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर’ बहुतेक गोलंदाज. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारंही अनेक ठिकाणी वेगळी. इंग्लंडनं हा भेद कागदोपत्री मोडला तो थेट १९६२ च्या अखेरीस. आपल्याकडे त्यावर जातीचा आणखी एक थर होता.

पालवणकर हे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावचं. घराणं चांभाराचं. बाळूचा जन्म १८७६ च्या सुमाराला धारवाडला झाला, कारण वडील लष्कराच्या नोकरीत. पलटण जाईल तिकडे बिऱ्हाड. रत्नागिरीच्या उत्तर भागाला ही गोष्ट नवी नाही. मुरुडहून डोंगर चढून वर आलं की दापोली. गोऱ्या फौजेची छावणी तिथं होती म्हणून जुनी माणसं अजून तिला कॅम्प दापोली म्हणतात. छावणी उठली तरी तिथं पेन्शनर शिपायांची वस्ती राहिली, आणि त्यांत अस्पृश्य जातींतले पुष्कळ होते. पलटणीच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकलेली ही माणसं. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच एक. लष्करातून निवृत्त होऊन त्यांनी दापोलीत अस्पृश्यांची संघटना उभी केली आणि सरकारकडे अर्ज केले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर दापोलीतच येऊन राहिले. त्यांचा धाकटा भीमराव पुढं या हकिकतीत दोनदा येणार आहे.

बाळू आणि त्याच्या पाठचा शिवराम पुण्यात वाढले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हे त्यांचं पहिलं सामान. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, तीन रुपयांची. तिथं खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमाराला गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला तेव्हा पगारात एका रुपयाची वाढ झाली. तिथल्या ट्रॉस नावाच्या साहेबानं त्याला नेटमध्ये गोलंदाजी करायला पहिल्यांदा बोलावलं म्हणतात. कॅप्टन बार्टन नावाचे एक डावखुरे गोलंदाज होते. त्यांची सहज, झटका नसलेली शैली बाळूनं उचलली.

डावखुऱ्या संथ फिरकीची गंमत अशी की चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून बाहेर पळतो. फलंदाज त्याच्यामागे बॅट नेतो आणि कड लागते, किंवा पाय उचलतो आणि यष्टिरक्षक बेल्स उडवतो. तीच मनगटाची हालचाल दाखवून मधूनच एक चेंडू न वळवता सरळ आत सोडायचा. हे जमायला बोटं तर हवीतच, पण समोरच्याचं मन वाचता यायला हवं. ते काम पुस्तकातून होत नाही. रोज सकाळी तोच शहाणा फलंदाज समोर असेल आणि तो फसला तर आठ आणे मिळणार असतील, तर होतं. ‘लगान’ चित्रपटातला कचरा बाळूवरून सुचला असं म्हटलं जातं. मला ते पात्र कधीच पटलं नाही. कचऱ्याचा चेंडू वळतो तो हात अधू म्हणून, दैवयोगानं. बाळूचा चेंडू वळायचा तो मजुरी करून कमावलेल्या कसबानं. अस्पृश्य माणसाची कला अपघात म्हणून दाखवली की त्याचे कष्ट आपोआप पुसले जातात.

गोऱ्यांच्या क्लबात हा असा गोलंदाज आहे ही बातमी पुण्याच्या हिंदू क्रिकेटवाल्यांपर्यंत पोचलीच होती. त्यांना पूना क्लबला हरवायचं होतं आणि चांगला गोलंदाज नव्हता. संघातले तेलुगू सभासद म्हणाले, घेऊ या. ब्राह्मण सभासद नको म्हणाले. ग्रेग यांनी वर्तमानपत्रातून टोमणा मारला की बाळूला बाहेर ठेवलं तर हिंदूंसारखे मूर्ख तेच. ग्रेग यांना समाजसुधारणा करायची होती की नेटमध्ये रोज भेटणाऱ्या गोलंदाजाशी एकदा सामन्यात भिडायचं होतं, कोण जाणे. बाळूला घेतलं.

घेतलं म्हणजे चेंडूपुरतं घेतलं. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळायचे. चेंडू चामड्याचा, पण तो खेळाचा म्हटल्यावर चालायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूला बाहेर, फेकून द्यायच्या मडक्यात. तोंड धुवायचं तर अस्पृश्य नोकरानं मैदानाच्या कोपऱ्यात किटली नेऊन पाणी ओतायचं. जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. आणि जेवण आटोपलं की पुन्हा त्याच्याच हातात चेंडू, कारण विकेट त्याच्याशिवाय निघत नव्हत्या.

याच पुण्यात, याच वर्षांत, मुरुडचा एक माणूस फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडला गेले तेव्हा गावानं बैठक बोलावली. कर्वे जिथं असतील त्या सभेला कुणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. गावासाठी त्यांनीच खटपट करून उभा केलेला मुरुड फंडही कुणाला आठवला नाही. कर्व्यांना हा दंड झाला तो त्यांनी जाणूनबुजून केलेल्या कृतीबद्दल. चालीरीत मोडली नसती तर पंगतीतली त्यांची जागा शाबूत होती. बाळूनं काही मोडलंच नव्हतं. त्याला जागाच नव्हती. म्हणून या दोन बहिष्कारांना एका मापात घालू नये. पण मुरुडच्या पंगतीची वीण किती घट्ट होती हे पाहिलं की पुण्याच्या पॅव्हेलियनबाहेरचं मडकं कुठल्या मातीचं होतं ते कळतं. पुण्याचे पुष्कळसे ब्राह्मण सभासद मूळचे कोकणातलेच असणार.

साताऱ्याचा सामना गाजला. साताऱ्याच्या गोऱ्यांनी बाळूची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती फरशीसारखी करून ठेवली. बाळूनं सात बळी घेतले आणि पुणेकर आरामात जिंकले. पुढं सत्काराच्या वेळी न्यायमूर्ती रानड्यांनी संघातल्या मंडळींना चांगलंच सुनावलं की त्याच्याबरोबर खेळायला चालतं तर खायला-प्यायला का चालू नये. नंतर एका सभेत टिळकांच्या हातूनही बाळूला हार मिळाला. रानडे आणि टिळक यांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नसे.

प्लेगच्या सुमाराला बाळू मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ साली निघाला होता. तिथंही काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली. कप्तान कीर्तिकरांनी ती जुमानली नाही. रेल्वेत नोकरी मिळाली. पोटासाठी नोकरी, आणि नोकरी टिकते ती खेळावर. हिंदी क्रिकेटमध्ये व्यावसायिक खेळाडू हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी हा माणूस तेच जगत होता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन पहिल्यांदा समोरासमोर आले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले, आणि युरोपियनांचा डाव १०२ वर गुंडाळला गेला. १०९ धावांनी विजय. बाळू आणि शिवराम दोघेही संघात होते. यष्टींमागे मद्रासचे शेषाचारी. या खेपेला संघ एकत्र जेवला. सुधारकांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’नं या चांभार भावांना जिमखान्यात मिळालेल्या प्रवेशाचं कौतुक करताना, हजारो हिंदू तरुणांची मनं यानं जितकी मोकळी केली तितकी इतर कुठल्या खटपटीनं केली नाहीत, असा अभिप्राय दिला. अंशतः खरं असेल. पण पुण्यात जेवायला वेगळं बसवणारे तरी बाळूला कुठं सोडत होते? विकेटची गरज माणसाला कुठवर आत आणते आणि कुठं थांबवते, हे अजून दिसायचं होतं.

तसं पाहिलं तर जगात दुसरीकडे हे दार उघडून पुन्हा बंदही झालं होतं. अमेरिकेत पैसे घेऊन बेसबॉल खेळणारे संघ १८६९ पासून उघडपणे मैदानात होते. १८८४ साली टोलेडोच्या संघात वॉकर आडनावाचे दोन काळे भाऊ होते. थोरला मोझेस फ्लीटवुड चेंडू फेकणाऱ्याचे झेल घ्यायला फलंदाजामागे बसायचा. धाकटा वेल्डी आउटफिल्डर, म्हणजे लांबच्या मैदानात उभा राहून उंच फटके पकडणारा. वेल्डीला त्या संघाकडून जेमतेम पाच सामने मिळाले. शिकागोचा कप्तान अ‍ॅन्सन काळा खेळाडू समोर असेल तर आम्ही उतरत नाही म्हणून अडून बसायचा, आणि काही वर्षांत मालकांनी मूकपणे ठरवून काळ्यांना घेणंच बंद केलं. १८८८ साली एका लीगनं तसा नियम केल्याचं कळलं तेव्हा वेल्डीनं तिच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं आणि ते ‘स्पोर्टिंग लाइफ’मध्ये छापून आलं. खेळ येत नसेल, वागणूक बरी नसेल तर खुशाल काढा. रंगावरून काढणं ही कायद्याची लाज आहे, असा त्याचा रोख होता. उपयोग झाला नाही. मोठ्या लीगमध्ये पुढचा काळा खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, १९४७ साली उतरला.

आपल्याकडे दार बंद झालं नाही, अर्धवट उघडं राहिलं. १९११ साली हिंदी संघ पहिल्यांदा सर्व धर्मांचे खेळाडू घेऊन इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय एकोणीस. त्या साली लंडनमध्ये राज्याभिषेकाचा थाट होता. महाराजांना मेजवान्यांतून सवड होईना आणि केकी मिस्त्रींसारखा नामी फलंदाजही बराच काळ त्यांच्याच दिमतीला अडकला. उरलेला संघ गावोगाव फिरत हरत राहिला. प्रथम श्रेणीचे १४ सामने. त्यांत १० हार, २ अनिर्णित, २ विजय. पस्तिशीतले बाळू मात्र दिवसच्या दिवस एका टोकानं गोलंदाजी करत होते. प्रथम श्रेणीत ७५ बळी, सरासरी वीसच्या घरात. सगळे सामने धरले तर ११४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. दोन विजय मिळाले ते लीस्टरशायर आणि सॉमरसेटवर. सॉमरसेटच्या सामन्यात शिवरामनं नाबाद ११३ केल्या आणि सामना एक गडी राखून जिंकला. आजारपण आणि दगदग सोसत हरणाऱ्या संघातून ७५ बळी म्हणजे काय, ते ज्यानं एका दिवसात तीस षटकं टाकली आहेत त्यालाच कळेल. इंग्लंडातल्या काउंट्यांनी बाळूंना व्यावसायिक म्हणून राहण्याबद्दल विचारलं होतं. ते राहिले नाहीत.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजानं त्यांचा सत्कार केला. मानपत्र लिहून वाचलं ते एल्फिन्स्टन कॉलेजातल्या विशीच्या भीमराव आंबेडकरांनी. सार्वजनिक व्यासपीठावरचा हा त्यांचा बहुधा पहिलाच प्रसंग. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन शिपाई घराण्यांतली ही दोन मुलं. एक क्रिकेटच्या वाटेनं वर आला, दुसरा पुस्तकांच्या.

राहिलं होतं ते कप्तानपद. १९१२ पासून मुसलमानांचा संघही आला आणि तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली. हिंदूंच्या संघात बाळू सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी. शिवराम आणि धाकटा विठ्ठल भरवशाचे फलंदाज. चौथा भाऊ गणपतही खेळून गेला. कप्तान निवडायची वेळ आली की निवड समितीची नजर दुसरीकडे वळायची. १९१३ साली म. दा. पै कप्तान झाले तेव्हा त्यांच्याच सत्काराच्या सभेत ते म्हणाले की हा मान बाळूंचा होता. सभ्य माणूस. पण मान बाळूंना मिळाला नाही तो नाहीच.

१९२० साली स्फोट झाला. बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी पडले आणि नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं, विठ्ठलला डावललं. देवधर मोठे खेळाडू होते, पुढंही झाले. दोष त्यांचा नव्हे. पदवीधर, ब्राह्मण, प्राध्यापक ही बिरुदं कप्तानपदासाठी पुरेशी मानणाऱ्यांचा होता. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जाहीर निवेदन काढलं. खेळात कमी पडलो असतो तर गोष्ट वेगळी, पण आम्हांला मागं ठेवलं जातंय ते जन्मामुळे, असा त्याचा मतलब. वेल्डी वॉकरच्या पत्राचं या दोघांनी नावही ऐकलं नसेल, पण युक्तिवाद तोच. फरक एवढाच की इथं त्याचा परिणाम झाला. असहकाराचे दिवस, अस्पृश्यतेचा प्रश्न गांधींमुळे ऐरणीवर. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. पै बरे होऊन परतले, बाळूंना उपकप्तान नेमून संघात घेतलं, भाऊही आले. आणि पारशांविरुद्धच्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढ्यापुरतं तरी क्षेत्ररक्षण लावायचं काम बाळूंकडे यावं. तेव्हा बाळू चव्वेचाळिशीत होते. प्रथम श्रेणीत एकूण ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आणि कप्तानपद मिळालं ते पैंनी मैदान सोडलं तेवढा वेळ.

१९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला. हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. पुढच्या काही वर्षांतही संघ त्याच्याच हाताखाली जिंकत राहिला. पुण्याला बाळूंना किटलीनं पाणी ओतून दिलं होतं त्याला तीस वर्षंही झाली नव्हती.

इथंच थांबलं असतं तर ही एक गोड सुधारणेची कथा झाली असती. राजकारणानं तसं होऊ दिलं नाही. बाळू गांधींच्या बाजूचे. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. सप्टेंबर १९३२ मधल्या पुणे करारावर आंबेडकरांबरोबर बाळूंचीही सही आहे. १९३३ साली ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेला उभे राहून हरले. १९३५ मध्ये आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, ते बाळूंना आत्मघातकी वाटलं. १९३७ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतल्या कामगार वस्तीच्या मतदारसंघात काँग्रेसनं आंबेडकरांसमोर बाळूंना उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५.

या एका निवडणुकीमुळे दलित चळवळीच्या आठवणींत बाळू पालवणकर अडचणीचे ठरले, आणि क्रिकेटच्या आठवणींत तर ते आधीपासूनच फारसे नव्हते. कसोटी क्रिकेट आपल्याकडे आलं १९३२ साली. त्याच्या आधी खेळून गेलेल्यांची आकडेवारीच्या वह्यांत शेवटी कुठंतरी नोंद होते. जिमखान्यांच्या स्पर्धा धर्मावर भरत म्हणून १९४६ नंतर बंद पडल्या, ते योग्यच झालं. पण त्यांबरोबर त्यांतली माणसंही विस्मरणात गेली. राजकीय भूमिकेबद्दल बाळूंशी भांडायला हरकत नाही. मीही भांडेन. मात्र ते भांडण चार रुपयांच्या नोकरापासून पुणे कराराच्या सहीपर्यंत आलेल्या माणसाशी आहे हे धरून भांडावं. त्यांना गांधींनी मंदिर उघडण्याआधी क्रिकेटनं पॅव्हेलियन उघडलं होतं, आणि ते स्पृश्य हिंदूंच्याच हातून. समाज बदलेल यावर त्यांचा विश्वास बसला तो तिथं. आंबेडकरांचा बसला नाही, त्यांनी अस्पृश्यांना नाकारलेलं महाडचं तळं आणि काळारामाचं दार पाहिलं होतं.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. त्याच्या आधी सात वर्षं, १९४८ साली, विठ्ठलनं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केलं होतं. चार रुपये, आठ आणे आणि मडक्यातला चहा या गोष्टी आज आपल्याला ठाऊक आहेत त्या बऱ्याच अंशी या घरातल्याच माणसांनी सांगून ठेवल्या म्हणून. आत्मवृत्ताची जुनी प्रत एखाद्या ग्रंथालयात सापडली तर पहिल्यांदा १९२० चा भाग काढून वाचावा.